गिटारच्या पोटात टॉर्च

माणसाचा नुसता आवाज ऐकून तो खरं बोलतोय की थापा मारतोय हे मला ओळखता येतं, असा माझा फार जुना समज आहे. सगळी नोकरी मी त्या समजावर काढली. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडायला होते. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची फळी आणि त्या भोकांतून बोलणारा अख्खा महाराष्ट्र. "बाई, जरा लवकर जोडा हो, आई सीरियस आहे," म्हणणाऱ्यांपैकी कोणाची आई खरंच सीरियस आहे आणि कोणाला नुसता कांद्याचा भाव विचारायचाय, हे मी पहिल्या वाक्यात सांगायचे. निवृत्त झाले तरी कानाची खोड गेली नाही. भाजीवाला "आज सकाळचीच आहे" म्हणतो तेव्हा मी मेथीकडे बघत नाही, त्याचा गळा ऐकते.

अशा बाईला गिटार घ्यायची होती. तीही साधी नव्हे, रेझोनेटर गिटार. आणि याला कारण माझा डावा अंगठा.

अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय. आधी बरणीचं झाकण उघडेना, मग कणीक मळवेना, मग साडीला पिन लावतानासुद्धा डोळ्यांत पाणी यायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, या हाताने आवळणं, पिळणं, दाबणं आता विसरा."

"आणि वाजवणं?" मी विचारलं.

"काय वाजवता?"

"सध्या काहीच नाही."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मग झालं तर. हे मला लागलं. लग्नानंतर मी काही वाजवलं नव्हतं हे खरं, पण वाजवलं नाही आणि वाजवता येणार नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली माझ्या मर्जीची होती. दुसरी कोणीतरी माझ्या गळ्यात बांधत होतं, आणि तेही फी घेऊन.

माझ्या तरुणपणी हवाईयन गिटारचं फार वेड होतं. ती मांडीवर आडवी ठेवायची. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादाची गुळगुळीत कांडी, आम्ही तिला रॉड म्हणायचो, तारांवरून सरकवायची. बोटांनी तार दाबायचीच नाही. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर घसरत जातो, रडून रडून आवाज बसलेल्या माणसासारखा. आमच्या येरवड्याच्या वस्तीत बुद्धजयंतीच्या कार्यक्रमाला गाणाऱ्यांच्या मागे पेटी आणि ढोलकी असायची, आणि त्यांच्या बाजूला गिटार मांडीवर घेऊन मी. माझ्याशिवाय कोणालाही ती ऐकू जात नसे. ढोलकीवाला समोरच बसलेला असायचा.

शिकायला सदाशिव पेठेत जायचे, बसने. ती दोन वेण्यांची मुलगी आठवली की मला तिचा कान पिळावासा वाटतो. बसमध्ये सगळे आपल्याकडे बघतात, याचा अर्थ आपण दिसायला बऱ्या आहोत असा तिने काढला होता. सगळे बघायचे कारण गिटारचं टोक त्यांच्या बरगडीत जायचं. पण तिची खरी कर्तबगारी पुढे आहे. पहिली गिटार तिने स्वतः निवडली. विकणारा म्हणाला, "ताई, लाकूड परदेशी आहे. वास घेऊन बघा." तिने घेतला. खरंच वेगळाच, उंची वास. मग क्लासमधल्या प्रत्येकाला तिने गिटार हुंगायला लावली. मास्तरांनासुद्धा. मास्तरांनी हुंगली, चष्मा पुसला आणि ते काही बोलले नाहीत. सदाशिव पेठेतला माणूस काही बोलत नाही तेव्हा आपण घाबरायला हवं, एवढी अक्कल तिला नव्हती. वर्षाच्या आत गिटारची पाठ सुटली आणि आतल्या बाजूला चहाच्या खोक्याचा छाप निघाला, निव्वळ वजनासकट. परदेशी वास आसामचा होता. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एवढंच विचारलं, "आज साखर घालून आणलीत का?"

तीच गिटार सरस लावून पुढे काही वर्षं वाजली. मग लग्न, शिफ्ट ड्युटी, मुलं, आणि एका नातेवाइकाने "दोन दिवसांसाठी" म्हणून ती नेली. तो विषय सोडून देऊ.

रेझोनेटर मला नातीने दाखवली. ती मोबाईलवर कसलेतरी व्हिडिओ बघत होती. एक म्हातारा गोरा माणूस मांडीवर गिटार आडवी घेऊन बसला होता आणि गिटारच्या पोटावर, जिथे गोल भोक असतं तिथे, चकचकीत जाळी बसवलेली.

"ही काय चाळणी लावलीय त्याने?" मी विचारलं.

"आजी, चाळणी नाही, कव्हर आहे ते. खाली मेटलचा पातळ कोन असतो, स्पीकरसारखं काम करतो तो. लाइट नको, काही नको. तू नुसतं हळू छेडलंस ना, तरी जाम मोठा आवाज येतो. तुझ्यासाठीच आहे ही, लिटरली."

तेवढ्यात त्या म्हाताऱ्याने रॉड सरकवला आणि मी चहा गाळता गाळता थांबले. तोच आवाज होता, पण ढोलकीवाल्याला पुरून उरला असता असा. आणि त्याचा हात बघितला. त्याची बोटंही माझ्यासारखीच वाकडी झालेली होती.

घरात सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, कीबोर्ड घे ना, बटणं तरी हलकी असतात." आमचे हे शेंगा सोलत राहिले. हे पाणीपुरवठा खात्यात होते, जमिनीखालची गळती शोधायचं काम. उमेदीची सगळी वर्षं कानाला काठी लावून पाइप ऐकण्यात गेली, त्यामुळे घरी फारसं ऐकत नाहीत.

बाहेरून आलेल्या गिटारींच्या किमती नातीने दाखवल्या आणि मी तिचा फोन उलटा करून टेबलावर ठेवला. माझ्या पेन्शनला झेपेल अशीच घ्यायची होती. स्वस्तातल्या मिळतात, पण त्यात एक गोम असते, असं नातीनेच वाचून सांगितलं. काही स्वस्त गिटारींना वर नुसतं ते चकचकीत झाकण ठोकलेलं असतं. खाली कोन वगैरे काही नाही, सरळ लाकूड. म्हणजे दिसायला रेझोनेटर आणि पोटात साधी गिटार. हे ऐकल्याबरोबर मला चहाचा वास आला.

पेठेतल्या एका दुकानात गेलो, मी आणि नात. दुकानदार गल्ल्यावर बसून पेपर वाचत होते. रेझोनेटर आहे का विचारलं तर पेपर खाली न करता एका कोपऱ्याकडे हनुवटी केली. तिथे एक होती. नवीकोरी, झाकण लखलखीत, किंमत माझ्या आवाक्यातली. मी ती मांडीवर घेतली नाही. आधी बोटाच्या पेराने झाकणावर ठोकून बघितलं, तांब्या घेताना ठोकतात तसं. मग उलटी केली, परत ठोकलं. मग नाक लावलं.

पेपर खाली आला. "वाजवायचीय का तपासायचीय?"

"आधी तपासते. पास झाली तर वाजवीन."

"नारळ नाहीये तो."

"नारळ निदान फोडून तरी देतात. हे झाकण उघडून दाखवता?"

"घेतल्यावर उघडा. तुमचीच होईल मग, रोज उघडा."

मी पर्समधून शिवणयंत्राचा स्क्रूड्रायव्हर काढला. माझ्याकडे असतो. दुकानदारांनी गिटार माझ्यासमोरून उचलली, अगदी अदबीने, जसं एखाद्याचं मूल अनोळखी बाईकडून परत घ्यावं. पण तेवढ्यात नातीने मोबाईलची टॉर्च लावून जाळीच्या भोकांवर धरली होती आणि मी वाकून बघितलं होतं. आत पिवळं लाकूड. सपाट. त्यावर एक काळी माशी मरून पडलेली.

"आत लाकूड आहे," मी म्हटलं.

"गिटार लाकडाचीच असते, आजी."

"माशी पण तुमचीच का?"

ते काही बोलले नाहीत. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मी इतकी खूश होते की नातीला दोन कुल्फ्या खायला घातल्या. मला कोणी फसवू शकलं नव्हतं. गिटारही मिळाली नव्हती, पण ते त्या दिवशी मला कमी वाटलं नाही.

मग सुरू झाल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या साइट. रोज दुपारी नात कॉलेजातून आली की शोधायची आणि मी फोन करायचे. जाऊन बघायची मला गरजच वाटेना. इतकी वर्षं टेलिफोनमध्ये काढलेली बाई, तिला गिटार फोनवर ऐकू येणार नाही? मी पद्धत ठरवून टाकली. फोन स्पीकरवर टाका, गिटारपाशी न्या, सगळ्यात जाड तार छेडा आणि गप्प बसा. खऱ्या रेझोनेटरचा सूर लांबतो, लांबच्या घंटेसारखा विरत जातो. खोटीचा बोट उचललं की संपतो. विकणारे गृहस्थ वैतागायचे. एकाने विचारलं, "मॅडम, आपण पोलिसातून बोलताय का?" ज्या ज्या ऐकल्या त्या सगळ्या मी नापास केल्या. सगळ्यांचा सूर मध्येच तुटत होता. पुण्यात रेझोनेटरच्या नावाखाली केवढा घोटाळा चाललाय, असं मी जेवताना सांगायचे. हे वरणात लिंबू पिळत ऐकून घ्यायचे.

मग कर्वेनगरच्या एका मुलीची जाहिरात आली. फोटो अंधारात काढलेला. लिहिलेलं सगळं दोषच दोष. मी फोन केला तर तिने पुन्हा तेच वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. आवाजावरून विदर्भातली, पंचविशीची असेल.

"आजी, आधीच सांगून देते. हिची दांडी चौकोनी आहे, हातात धरताच नाही येत. तारा लय उंच आहेत, बोटाने दाबल्या तर बोट कापतं. आणि एका ठिकाणी झिणझिण करते. नका घेऊ तुम्ही, खरं तर."

मी सावध झाले. चौकोनी दांडी आणि उंच तारा ही मांडीवर वाजवायच्या गिटारचीच खूण. रॉड सरकायचा तर तारा उंचच हव्यात. मला नेमकं जे हवं होतं ते ही मुलगी दोष म्हणून सांगत होती. याचे दोनच अर्थ होते. एक तर ती अडाणी होती, नाहीतर तिला कोणीतरी माझ्याबद्दल आधीच सांगितलं होतं. मी दुसरा अर्थ धरला.

"जाड तार छेड," मी म्हटलं, "आणि गप्प बस."

टण्ण, आणि लगेच काही नाही. कात्रीने कापावा तसा सूर तुटला. नंतर पोकळ शांतता.

"संपला," मी म्हटलं.

"कुठे आजी, वाजून राहिली ना अजून."

"अजून?"

"हो ना. आत्ता... आत्ता थांबली बघा."

मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. शांतता माझ्या कानात होती आणि ही म्हणत होती, वाजतेय. इतकी उघड थाप ट्रंक लाइनवरही कोणी मारली नव्हती. पण पंचाईत अशी की तिचा गळा खरा होता. एक कण खोट नव्हती त्यात. माझ्या कानाने आयुष्यभर जे ओळखलं ते सांगत होतं, ही मुलगी खरं बोलतेय. आणि तोच कान सांगत होता, गिटार खोटी आहे. दोन्ही एकाच लाइनवर. असं कधी झालं नव्हतं.

"येऊन बघा ना आजी," ती म्हणाली. "दूर पडते का तुम्हाला?"

बोलावते कशाला? मी फोन ठेवला.

रात्रीच्या जेवणाला मी हा किस्सा सांगितला. विदर्भातली मुलगी, गोड गळा, बोलावण्यामागे काहीतरी डाव. ह्यांनी ताक संपवलं, मिशी पुसली आणि म्हणाले, "आमच्या खात्यात एक साहेब आले होते. गळती शोधायला जायचे आणि आधी सगळा पाइप काठीने बडवून बघायचे. दिवसभर. मग आमच्यातला एक जण म्हणाला, साहेब, आधी पाणी तर सोडा. पाणी सोडल्याशिवाय गळणार काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू एकही गिटार मांडीवर घेतली नाहीस."

"आधी खरी तरी निघू दे."

"हं," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मी त्या रात्री फार चिडले होते. दुसऱ्या दिवशी भांडी लावताना एक पातेलं माझ्या डाव्या हातातून सुटलं आणि फरशीवर गरगर फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत मी तिथेच उभी होते. थांबल्यावर मी नातीला म्हटलं, कर्वेनगरला जायचंय, स्कूटर काढ.

येरवड्याहून कर्वेनगर म्हणजे नदी ओलांडून अर्धं पुणे. मेट्रोच्या खांबांखालून, सिग्नलला थांबत. मी मागे बसून सगळ्या शंकांची उजळणी केली. मुलगी घरी एकटीच असेल का? गिटार दुसरीच दाखवली तर? पत्ता खोटा निघाला तर निदान आज वाजवावं लागणार नाही, हा विचार मनात आला आणि मी तो झटकन बाजूला सारला. पण आला होता.

पत्ता खरा निघाला. कॉलेजजवळची सोसायटी, दारात मुलींच्या चपलांचा ढीग, आतून फोडणीचा वास. मुलगी ठेंगणी, हसरी, हातात लाटणं. फ्रिजवर छोटी बुद्धमूर्ती. आमच्याही घरी आहे, पण मी लगेच विरघळले नाही. विश्वास बसावा म्हणून कोण काय ठेवेल सांगता येत नाही.

"बसा ना आजी. चहा?"

"आधी गिटार."

"तुम्ही फोनवर बोलता तशाच आहात," ती म्हणाली आणि आतून गिटार आणली.

जुनी होती. कडेला एक टवका उडालेला. दांडी जाड आणि चौकोनी, दाराच्या चौकटीसारखी. तिने सांगितलं, ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून मागवली, चौकोनी दांडी म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. तिला उभी धरून वाजवायची होती. आली तेव्हा बोटं पोचेनात, तारा दबेनात. परत घेणारा म्हणाला, वापरलेली परत होत नाही. तेव्हापासून कपाटामागे.

ही कथा मला पटली. चुकीची वस्तू घेऊन तिचा वास सगळ्यांना घ्यायला लावणारी एक मुलगी माझ्या चांगल्या ओळखीची होती. पण पटणं वेगळं. मी टॉर्च मागितली. जाळीच्या भोकातून बघितलं तर आत नातीने सांगितलेला तो कोन, ॲल्युमिनियमचा पातळ, चमकणारा शंकू, उपड्या कढईसारखा. माझ्या चेहऱ्याचा एक तुकडा त्यात वाकडा दिसला. ठोकून बघितलं. मग बसल्या बसल्या उजव्या हाताच्या बोटाने जाड तार छेडली.

तो सूर थांबेना. खोलीभर गेला, बाल्कनीत गेला, आतून दुसरी एक मुलगी डोकावली. मी वाट बघत राहिले, तुटेल, आता तुटेल. तुटला नाही, हळूहळू विरला.

"फोनवर तर मेलेली होती ही," मी म्हटलं.

मुलगी लाटणं घेऊनच समोर बसली आणि हसायला लागली. "आजी, तुम्ही फोनवर ऐकली म्हणून. मी हेच काम करते ना कंपनीत. कॉलमधला मागचा आवाज कापायचं. एकसारखा, लांबलेला आवाज आला की फोनला वाटतं पंखा आहे, मिक्सर आहे. तो कापून टाकतो. माणूस बोलून राहिला तेवढंच जाऊ देतो."

"म्हणजे माझा सूर तू कापलास."

"मी नाही, माझ्या टीमने," ती म्हणाली.

नातीने तोंडावर हात धरला. आमच्या काळी तार होती. तारेत पाऊस ऐकू यायचा, पलीकडच्या घरातलं घड्याळ ऐकू यायचं. आपण जे बोललो नाही तेही जायचं. आता फोन ठरवतो काय ऐकवायचं, आणि मी त्याच्या भरवशावर पुण्यातल्या सगळ्या गिटारी खोट्या ठरवून बसले होते. त्या नापास केलेल्या कशा होत्या, कोण जाणे. आणि वर रोज जेवताना भाषण.

पण मी एवढ्यात हार मानणारी नव्हते. "झिणझिण कुठे करते?" मी विचारलं.

तिने एक तार छेडली. खरंच, सुराच्या खाली एक बारीक भुणभुण, डबीत अडकलेल्या माशीसारखी. मला अगदी बरं वाटलं. दोष सापडला. शंकूच फाटला असणार, तसं असेल तर प्रश्नच मिटला, उठायचं आणि घरी जायचं. मी झाकणावर तळहात ठेवला, भुणभुण थांबली. उचलला, परत आली. म्हणजे शंकू नव्हे, झाकणच. एक स्क्रू ढिला होता. पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि उजव्या हाताने पिळला. भुणभुण गेली.

आता काहीच उरलं नाही. टवका होता, पण टवका वाजत नाही. मी गिटार उलटी केली, सुलटी केली, खुंट्या फिरवून बघितल्या. सगळ्या ठीक.

"आता वाजवा ना आजी," मुलगी म्हणाली आणि गिटारबरोबर आलेला रॉड माझ्या पुढे धरला. पोलादाचा, थंड, लाटण्याच्या मुठीएवढा.

मला घरी जायचं होतं. नात बघत होती. मी गिटार मांडीवर आडवी घेतली, नखी घातली आणि रॉड डाव्या हातात धरला. अंगठा आणि बोटांमध्ये, ती दोन वेण्यांची मुलगी धरायची तसाच, बसच्या दांड्याला लटकावं तसा घट्ट. तारेवर ठेवायच्या आत अंगठ्यातून कळ निघाली आणि रॉड सुटून झाकणावर पडला. सगळ्या तारा एकदम ओरडल्या. आतल्या मुलीने पुन्हा डोकं बाहेर काढलं.

मी खाली बघत होते. मग झालं तर, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना.

"आजी, लय जड आहे का तो?" मुलीने विचारलं.

जड. मी रॉड उचलला, या वेळी दोन्ही हातांनी, आणि नुसता तारांवर ठेवून दिला. सोडून दिला. तो तिथेच राहिला, आपल्या वजनाने, तारांवर बसून. त्याला आवळायची गरजच नव्हती. इतक्या वर्षांपूर्वी मास्तर ओरडायचे, "दाबू नका, ठेवा," आणि ती मुलगी दाबायची, कारण तिला वाटायचं जोर लावला की कला येते. मी मधल्या दोन बोटांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, मांजराच्या ठेवतात तसा, अंगठा बाजूला हवेत, कशालाही न लागता. आणि उजव्या हाताने छेडलं. आणि सरकवलं.

सूर बेसूर होता. जिथे जायचा होता त्याच्या अलीकडेच थांबला. पण तो बेसूर आहे हे मला ऐकू आलं आणि मी अजून एक केसभर पुढे ढकलला. तिथे तो होता. मी पुढचा घेतला. बुद्धजयंतीला वाजवायचे त्या एका गाण्याची पहिली ओळ. अर्ध्यावर चुकले, परत आले. दुसऱ्या ओळीत रॉड तिरका झाला, मी सरळ केला. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर मनगटापासून अंगठ्यापर्यंत ती ओळखीची आग आली आणि मी हात उचलला.

"पूर्ण नाही करत?" मुलगी म्हणाली.

"एवढंच येतंय," मी म्हटलं. "आज."

तिने सांगितली तेवढी किंमत नातीने तिथेच फोनवरून पाठवली. घासाघीस करायची राहून गेली, हे मला नदीच्या पुलावर आल्यावर आठवलं आणि परत फिरावं का, असा विचारही मी केला. चहा मात्र घेतला होता. गिटार माझ्या आणि नातीच्या मध्ये उभी, चौकोनी दांडी माझ्या हनुवटीखाली. सिग्नलला शेजारचे लोक बघत होते. त्याचा अर्थ मी काही काढला नाही.

आता रोज दुपारी, सगळे बाहेर गेले की, मी ती मांडीवर घेते. डॉक्टरीणबाईंना मी काही सांगितलेलं नाही, त्यांनी विचारलेलंही नाही. काही दिवस दोन ओळी होतात, काही दिवस चार. थंडी असली की एकच. हात आधीच सांगत नाही, लबाड आहे, सुरू केल्यावर कळतं. मला पहिल्यांदा वाटायचं, आज मुद्दाम आळस करतोय. आता त्याच्याशी माझा एक करार आहे. मी ढकलायचं, दाबायचं नाही, आणि त्याने जमेल तितकं यायचं. काल पाचवी ओळ अर्धी झाली. मग अंगठा म्हणाला, बास. मी रॉड तारांवरून अलगद उचलला आणि बाजूला ठेवला. वाजत राहिलेली तार मी हाताने थांबवली नाही. कान देऊन बसले, ती कुठे गडबड करते का ते बघत.